चौदाव्या कलमाच्या कडेला

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे. फाईल म्हटल्यावर तुम्ही तोंड वाकडे करणार, हे मला ठाऊक आहे. त्यातून मी वकिलाच्या कचेरीतली, म्हणजे मग विचारूच नका. माझ्यात चित्रे नाहीत, राजे-राक्षस नाहीत, आणि माझे पहिलेच वाक्य एवढे लांबलचक आहे की ते एका दमात वाचायला पट्टीचा पोहणारा लागेल. तरीही थोडा वेळ माझ्याजवळ बसा. माझ्या वकीलबाईंखेरीज गेल्या कित्येक दिवसांत माझ्याजवळ कुणी बसलेले नाही, आणि बाईसुद्धा हल्ली फारशा बोलत नाहीत.

बाईंचे काम काय होते, ते आधी सांगते. नाहीतर पुढचे सारे तुमच्या डोक्यावरून जाईल. पुष्कळ लोकांनी आपापली पुंजी एकत्र करायची, ती एकदोन जाणकार माणसांच्या हाती सोपवायची, त्यांनी ती निरनिराळ्या धंद्यांत गुंतवायची आणि दहा वर्षांनी जे पदरात पडेल ते सर्वांनी वाटून घ्यायचे, अशा व्यवस्थेला फंड म्हणतात. सरकारी नव्हे, खासगी. यातली मेख अशी, की एकदा पुंजी दिली की दहा वर्षे ती परत मागता येत नाही. सहलीची बस एकदा डोंगराच्या रस्त्याला लागली की 'मला उतरायचंय' म्हणून चालत नाही, तसेच हे. म्हणून बस सुटण्याआधीच सगळे ठरवून लिहावे लागते. बस कोण चालवणार? कुठे कुठे थांबायचे? आणि चालवणाऱ्यालाच मध्ये घेरी आली तर काय करायचे? हे सारे विचार करून लिहिणाऱ्या आमच्या बाई. त्या फक्त फंडच बांधत. घटस्फोट, मारामाऱ्या, जमिनीचे तंटे यांना त्यांच्या कचेरीत मज्जाव होता.

बाई आधी एका मोठ्या कचेरीत नोकरीला होत्या. तिथे त्यांनी चौदा वर्षे दुसऱ्यांनी लिहिलेले मसुदे घोटले. मग एक दिवस त्यांनी स्वतःची कचेरी थाटली. चष्म्याच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. आतल्या खोलीत बाईंचे टेबल आणि पोलादी कपाट. बाहेरच्या खोलीत नाना. नाना हे आमचे कारकून, टंकलेखक, हिशेबनीस आणि चहावालेही. पहिल्या वर्षी काम फारसे आलेच नाही. त्या रिकाम्या दिवसांत बाईंनी अकरा महिने खपून मला लिहिले. माझे नाव ठेवले 'नमुना करार'. पुढे जो कोणता फंड दारात येईल, त्याचा करार माझ्यावरून बेतायचा, असा त्यांचा बेत होता.

माझे अंग निळ्या जाड पुठ्ठ्याचे आहे. आत पोलादाच्या दोन कड्या आहेत आणि त्यांना एक खटका आहे. तो उघडताना असा काही वाजतो की बाहेर नाना दचकत. पण पुठ्ठा काय, कुणालाही मिळतो. माझे वैशिष्ट्य निराळेच आहे.

"डावीकडे चार बोटं जागा सोडा, नाना," बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले.

"चार बोटं?" नाना कुरकुरले. "एवढ्या जागेत अजून एक करार मावेल, बाई. कागद काय फुकट येतो?"

"मावू दे. उजवीकडे करार राहील. डावीकडे तो तसा का केला, ते."

आणि खरोखरच बाईंनी माझ्या प्रत्येक कलमाच्या कडेला पेन्सिलीने कारण लिहून ठेवले. अक्षर बारीक, किंचित उजवीकडे कललेले. फंड होत गेले तशी कारणेही वाढत गेली. सहाव्या कलमापाशी लिहिले आहे, 'बैठकीची सूचना पंधरा दिवस आधी. कारण: तीन दिवसांची दिली, तर दूरचे लोक येऊच शकले नाहीत आणि जवळच्यांनी डाव साधला.' नवव्या कलमापाशी, 'देखरेख समितीत नातेवाईक नको.' आणि त्याखाली कारण म्हणून एकच शब्द, 'मेहुणा'. हा मेहुणा कोण, त्याने काय दिवे लावले, हे मला अजून कळलेले नाही. पण तो शब्द बाईंनी इतक्या जोराने लिहिला आहे की मागच्या पानावर उमटला आहे.

चौदावे कलम भरवशाच्या माणसाचे. लोक फंडाकडे बघून पुंजी देत नाहीत, तर तो चालवणाऱ्या माणसांकडे बघून देतात. फंड दोघे चालवत असतील आणि त्यांतला कुणीही एक गेला, आजारी पडला, निघून गेला, तर नवी गुंतवणूक तिथल्या तिथे थांबली पाहिजे. मग सगळ्यांनी जमून ठरवायचे की पुढे जायचे की नाही. असे ते कलम आहे. त्याच्या कडेलाही एकच शब्द होता. 'बाबा'.

त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. बाईंनी तो फार हलक्या हाताने लिहिला होता.

माझे ते दिवस सुखाचे होते. कचेरीचा नियमच होता, की नवा फंड आला की आधी मला खाली घ्यायचे, खटका उघडायचा आणि पहिल्या पानापासून कडेची कारणे वाचत जायचे. नवे लोक दोघे भाऊ आहेत का? मग अकरावे कलम दोनदा वाचा. पुंजी देणारी एखादी संस्था आहे का? मग तिच्या पंचांना परवानगी घ्यायला वेळ ठेवा. नानांना बोटाला थुंकी लावून पाने उलटायची सवय होती. त्यामुळे माझे उजवे कोपरे कुरळे झाले आहेत. मला त्याचा राग यायचा. आता ती बोटे आठवली तरी बरे वाटते.

माझे नाव झाले. समोरच्या पक्षाचे वकील मला चाळून बघत आणि मान डोलवत. एकदा एक नावाजलेले, टक्कल पडलेले वकील म्हणाले, "बाई, याची एक प्रत द्या हो. मी आयुष्यभर ऋणी राहीन." बाईंनी प्रत दिली. पण झेरॉक्सच्या यंत्रात घालताना माझ्या प्रत्येक पानाच्या डाव्या कडेवर पांढऱ्या कागदाची एक पट्टी धरली. मजकूर गेला आणि कड कोरीच गेली.

"कारणं नाही दिलीत," ते वकील दुसऱ्या दिवशी फोनवर हसत म्हणाले.

"ती माझ्या धंद्याची आहेत," बाईसुद्धा हसल्या.

मित्रांनो, खरे सांगते, मी त्या दिवशी फुगले होते. जे कुणालाच माहीत नाही, ते आपल्याजवळ आहे, याचा मला केवढा तोरा! त्यात काही चुकतेय असे वाटलेच नाही.

मग कचेरीत संगणक आला. नानांनी चष्मा पुसत पुसत मला त्यात उतरवून घेतले. दोन महिने ते एकेक कलम टाइप करत होते. शेवटच्या आठवड्यात त्यांनी विचारले, "कडेचं पण घालू का, बाई? आलंच आहे हातात तर..."

"नको," बाई म्हणाल्या. "ते माझ्यापुरतं आहे."

झाले. मी कपाटातून कपाटावर गेले. माझ्या जागी छपाईयंत्राच्या कागदांचे गठ्ठे आले. सुरुवातीला बाई मला मधूनमधून खाली घेत. त्यासाठी स्टुलावर चढावे लागे. पुढे त्यांचे गुडघे दुखू लागले आणि तेही मागे पडले. माझ्यावर धुळीचा थर बसला. एक पाल माझ्या आडोशाला राहायला आली, तेवढीच काय ती सोबत. तीही माझ्याशी बोलण्यापेक्षा माश्यांवर लक्ष ठेवून असे. खाली माझीच वाक्ये संगणकातून छापून निघत, लोक ती घेऊन जात, आणि वर मी, ती वाक्ये कशासाठी आहेत हे जाणणारी, कुणालाच नको होते. एकटेपणा म्हणजे काय, ते मला तिथे कळले. घरात सगळे आहेत, आवाज ऐकू येताहेत, आणि आपल्याला कुणी हाकच मारत नाही.

त्या सुमाराला बाईंची भाची कचेरीत आली. ती नुकतीच वकील झाली होती. चलाख, हसरी, सतत घाईत. एका वेळी तीन कामे करायची आणि चौथे विसरायची. बाईंचा तिच्यावर जीव होता, पण शिकवताना त्या कारणे सांगत नसत. "आपण असंच करतो," एवढेच म्हणत. भाचीही तेवढ्यावरच भागवून घेई.

एक दिवस एक नवरा-बायको फंड काढायला आले. दोघे मिळून तो चालवणार होते. बायको म्हणाली, "आम्हांला बाळ होणार आहे. मी सहा महिने घरी बसले तर तेवढ्यासाठी फंड थांबवायचा का? चौदाव्या कलमात 'दोघांपैकी एक' असं न लिहिता 'दोघंही' असं करता येईल?" म्हणजे दोघेही काम सोडतील तेव्हाच गुंतवणूक थांबायची. पुंजी देणाऱ्यांनाही ते मान्य होते. बाईंनी त्या एका फंडापुरते तसे करून दिले. त्यात काहीच गैर नव्हते.

गैर झाले ते त्यानंतरच्या फंडात. हा दोन भागीदारांचा फंड होता. थोरले भागीदार शांत आणि मुरलेले होते, त्यांचे बोलणे ऐकून माणूस निर्धास्त व्हायचा. धाकटे भागीदार बोलण्यात तरबेज होते, पण उडत्या डोक्याचे. पुंजी देणाऱ्यांत रुग्णालयांतल्या परिचारिकांची एक भविष्यनिधी संस्था होती. तिच्या अध्यक्षा एक निवृत्त मेट्रन. सगळे त्यांना मेट्रनबाईच म्हणत. त्यांनी सुरुवातीलाच सांगितले होते, "आम्ही थोरल्यांकडे बघून येतोय. ते नसले तर आमचे पैसे पुढे जाता कामा नयेत." अटींच्या कागदावर तसे लिहिले गेले. 'दोघांपैकी एकही गेल्यास थांबणे.' त्या कागदावर दोन्ही भागीदारांच्या सह्या झाल्या. आता फक्त मोठा करार व्हायचा होता.

या धंद्याची एक रीत ऐकून तुम्ही तोंडात बोटे घालाल. पुंजी देणारे पुष्कळ असतात आणि निरनिराळ्या गावी राहतात. सगळे एका दिवशी एका खोलीत कसे येणार? म्हणून कराराचे फक्त शेवटचे पान, सहीचे, आधीच पाठवून देतात. लोक सह्या करून ती पाने वकिलाकडे ठेवायला देतात. मजकुरावर शेवटचा हात फिरला की सह्यांची पाने त्याला जोडायची आणि करार पुरा करायचा. सगळा खेळ विश्वासाचा. त्या आठवड्यात बाईंच्या टेबलावर सह्यांच्या पानांचा गठ्ठा पडला होता, आणि सर्वांत वर मेट्रनबाईंची सही होती, शाळेतल्या मुलीसारखी गोल आणि ठसठशीत.

करार दुसऱ्या दिवशी पुरा करायचा होता. भाचीने वर माझ्याकडे पाहिले. "मावशी, मूळ फाईल काढू का?"

माझा जीव कसा हरखून गेला म्हणून सांगू! इतक्या वर्षांनी!

बाईंनी गुडघ्यावरून हात फिरवला. "राहू दे गं. आता कुठे स्टुलावर चढतेस? मागचाच करार घे, नावं बदल आणि छाप."

मागचाच करार म्हणजे त्या नवरा-बायकोचा. भाचीने नावे बदलली, मुदती बदलल्या, पत्ते बदलले. चौदावे कलम तसेच राहिले. 'दोघंही.' बाईंनी करार वाचला, पण सवयीने, गाण्याची चाल ठाऊक असली की शब्दांकडे लक्ष जात नाही, तसा. मी वरून जिवाच्या आकांताने ओरडत होते. पण फाईलचा आवाज खटक्याशिवाय निघत नाही. सह्यांची पाने जोडली गेली. सर्वांनी एकमेकांचे अभिनंदन केले. नानांनी चहा केला.

पाच वर्षे काही झाले नाही. नाना निवृत्त झाले. मग एका सकाळी थोरल्या भागीदारांना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, पण वाचा गेली. आणि आठच दिवसांनी धाकटे भागीदार आमच्या कचेरीत आले. त्यांच्या हातात मेट्रनबाईंचे पत्र होते.

"या बाई म्हणतात, गुंतवणूक थांबवा," ते खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाले. "मी करार काढून बघितला. त्यात 'दोघंही' आहे. मी तर ठणठणीत आहे. तसं त्यांना कळवून टाका. मला पुढच्याच आठवड्यात एका मोठ्या कामात उडी घ्यायची आहे."

"'दोघंही' कसं असेल?" बाई म्हणाल्या. "'दोघांपैकी एक' आहे ते."

धाकट्या भागीदारांनी करार पुढे सरकवला. बाईंनी चष्मा लावला, वाचले, पुन्हा वाचले. मग त्या उठल्या, स्टूल ओढले, आणि कुणाची मदत न घेता, कपाटाला धरून, कण्हत वर चढल्या. त्यांचा हात माझ्यावर पडला. पाल पळाली. बाईंनी मला छातीशी धरून खाली आणले, खटका उघडला आणि चौदावे कलम काढले.

त्यांचा चेहरा पाहून मला वाटले, मी वरच राहिले असते तर बरे झाले असते.

"चूक झाली आहे," बाई सावकाश म्हणाल्या. "माझी. ठरलं होतं वेगळं आणि लिहिलं गेलं वेगळं. मी सगळ्यांना तसं पत्र लिहिणार. कलम दुरुस्त करावं लागेल."

धाकटे भागीदार हसले. "बाई, तुम्ही माझ्या वकील आहात. चूक तुम्ही केलीत आणि ती माझ्या पथ्यावर पडली. गप्प बसायला काय जातं तुमचं?"

"मी फंडाची वकील आहे. तुमच्या एकट्याची नाही. अटींच्या कागदावर तुमचीही सही आहे, ती तर मी दाखवणारच."

"मग एक लक्षात ठेवा." ते उठले. "स्वतःचा करार नीट न वाचणाऱ्या वकिलाकडे उद्यापासून कोण येतं, ते बघू. वय झालं म्हणतील लोक."

ते गेल्यावर बाई रिकाम्या खुर्चीकडे बघत बसल्या. घाबरल्या होत्या. मी त्यांना एवढे घाबरलेले कधी पाहिले नव्हते. मग त्यांनी कागद ओढला आणि स्वतःच्या हाताने पत्र लिहायला घेतले. 'ही चूक सर्वस्वी माझी आहे,' असे पहिले वाक्य होते. माझ्या पहिल्या वाक्यापेक्षा पुष्कळच लहान.

पत्र पोचल्यावर मेट्रनबाई स्वतः आल्या. भाची त्या दिवशी नोंदणीच्या कार्यालयात गेली होती. मेट्रनबाईंनी पाणीसुद्धा घेतले नाही.

"मी करार वाचलाच नव्हता हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही शेवटचं पान पाठवलंत, मी सही केली. आमच्या मुलींनी लोकांची उलटी-ओकारी काढून, सणवार घरी न बसता बाजूला टाकलेलं आहे ते. त्यांना मी काय सांगणार होते? वकीलबाई चांगल्या वाटल्या म्हणून?"

"माझे वडील शाळेत शिकवायचे," बाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्या हे कुणाशी पहिल्यांदाच बोलत होत्या. "त्यांनी साठवलेलं सगळं दोघा भागीदारांकडे दिलं होतं. मोठ्यावर विश्वास होता त्यांचा. तो मोठा गेला, आणि धाकट्याला थांबवायची कागदावर सोयच नव्हती. सगळं बुडालं. त्यानंतर बाबा बारा वर्षं घरोघर जाऊन शिकवण्या करायचे. घसा कायम बसलेला. जेवताना खुणेनं भाजी मागायचे. ते बघून मी हा धंदा धरला. हे कलम त्यांच्यासाठी लिहिलं होतं."

"आणि तरी?" मेट्रनबाईंनी विचारले.

"आणि तरी."

मग मेट्रनबाई पदर सावरत उठल्या. "कबूल केलंत, हे फार बरं केलंत. दुसरं कुणी केलं नसतं. पण पुढच्या वेळी मी दुसरा वकील बघेन. राग मानू नका."

"राग कसला," बाई म्हणाल्या, आणि त्यांना दारापर्यंत सोडून आल्या.

परत येऊन त्यांनी पेन्सिलीला टोक केले. 'बाबा' या शब्दाखाली त्यांनी लिहिले, 'आणि मी'.

बाईंचे पत्र आणि अटींचा कागद पाहून पुंजी देणाऱ्या सगळ्यांनीच जोर धरला. धाकट्या भागीदारांनी आदळआपट केली, पण शेवटी दुरुस्तीवर सही करावी लागली. गुंतवणूक थांबली. जमलेल्या लोकांनी पुढचे काम एका दुसऱ्या भल्या माणसाकडे दिले. परिचारिकांची पुंजी वाचली. हे मी मोठ्या अभिमानाने सांगते, कारण ते बाईंमुळे झाले.

मात्र धाकट्या भागीदारांचे म्हणणे खोटे ठरले नाही. जे लोक बाईंच्या खरेपणाचे तोंड भरून कौतुक करत, तेच आपला फंड बांधायला दुसरीकडे जात. फोन वाजेनासा झाला. भाचीला एका मोठ्या कचेरीत नोकरी मिळाली. "जा तू," बाईच म्हणाल्या. मग त्या दोन खोल्यांत आम्ही दोघीच उरलो. बाई रोज वेळेवर येत, खिडकी उघडत, मला टेबलावर घेत आणि एकेका कलमाची कड वाचत बसत. कधी हसत, कधी एखादे कारण खोडून नव्याने लिहीत. मित्रांनो, सांगायला लाज वाटते, पण ते माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे दिवस होते. माझा एकटेपणा संपला होता, आणि तो बाईंचा सुरू झाला म्हणून संपला होता. असे सुख घशाखाली उतरत नाही.

शेवटी बाईंनी कचेरी बंद केली. संगणकातले सारे भाचीला दिले आणि मला एका कापडी पिशवीत घालून घरी आणले. आता मी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर असते. बाई एकट्याच जेवतात. ताट एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला.

गेल्या महिन्यात भाची आली होती. हातात मिठाईचा पुडा, कानाशी फोन. मोठ्या उत्साहाने सांगत होती, "मावशी, मला स्वतंत्र फंड दिलाय! पहिलाच! सगळं मी बघतेय. सह्यांची पानंसुद्धा आली."

बाईंचा चेहरा किती उजळला! आणि मग त्यांनी हळूच विचारले, "मसुदा कुठला घेतलास?"

"मागच्याच फंडाचा. वेळ कुठे असतो गं आमच्याकडे?"

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी खटका उघडला, मला तिच्यासमोर सरकवले. "हे बघ ना जरा. फक्त चौदावं. मी तुला कधी सांगितलंच नाही हे असं का आहे ते. माझंच चुकलं. तुझ्या आजोबांचं..."

"आजोबा? शिकवण्या करायचे ना? आई सांगते कधीकधी." तिचा फोन वाजला. तिने तो पाहिला, बाईंच्या गालाला गाल लावला. "मावशी, पुढच्या रविवारी येते. नक्की. तेव्हा सगळं सांग. बसूनच ऐकते."

दार लागले. बाईंनी मला मिटले नाही. चौदावे कलम तसेच उघडे ठेवले, वाऱ्याने पान उलटू नये म्हणून त्यावर चष्म्याचे घर ठेवले आणि पलीकडच्या खुर्चीवरची वर्तमानपत्रे उचलून ती रिकामी केली.

त्यानंतर चार रविवार गेले. दर रविवारी बाई ती खुर्ची पुसतात.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणीतरी 'हे असंच करायचं' म्हणून सांगत असेल. त्यांना 'का?' म्हणून विचारा, आणि विचारल्यावर उत्तर संपेपर्यंत तिथून उठू नका. आणि जे सांगणारे आहेत, त्यांनाही माझे हात जोडून सांगणे आहे, कारणे आपल्यापुरती ठेवू नका. ऐकणारी माणसे हाताशी असतात तेव्हाच सांगून टाका.

आणि ती भाची तुम्हाला कुठे भेटली, तर तिला बोल लावू नका. ती गुणी मुलगी आहे, फक्त घाईत आहे. तिला एवढेच सांगा, की फंड अजून पुरा झाला नसेल तर वेळ गेलेली नाही. मावशी घरीच आहेत.